डॉ. हॅनिबल लेक्टर आवडतो म्हणजे आपल्याला नक्की काय आवडतं?

मुक्ता_कोथरूड

स्पॉयलर आहेत. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' ज्यांनी वाचला किंवा बघितला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

झालं असं की गेल्या शनिवारी बाहेर धो धो पाऊस, कुठे जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि हा पिक्चर लावला, माझा चौथ्यांदा. आई इंग्रजी फारसं बघत नाही पण समोर मेथी निवडत बसली होती, सबटायटल वाचता वाचता गुंतत गेली आणि जुडी तशीच मांडीवर राहिली. शेवटी लेक्टर, म्हणजे तो माणसं खाणारा मनोविकारतज्ज्ञ, कोठडीतून पळून गेलेला आहे, लांब कुठल्यातरी बेटावरून क्लॅरिसला, म्हणजे त्याच्याकडे माहिती काढायला जाणाऱ्या एफबीआयच्या पोरीला, फोन करतो आणि त्याच वेळी त्याला कोठडीत ठेवणारा तो डॉ. चिल्टन विमानातून उतरतो, म्हणजे आता लेक्टर याला खाणार हे आपल्याला कळतं, तेव्हा माझी आई, जी झुरळसुद्धा मारत नाही, सुपलीत घेऊन बाहेर सोडते, ती चक्क म्हणाली की बरं होईल मेल्याचं, आणि हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एकदम गप्प. मग म्हणाली, "मुक्ते, काल मी त्या राक्षसाच्या बाजूने होते गं." इथे सांगायला हवं की १९७६ साली आई तिसरीत होती, शनिवार पेठेत वाड्यात राहायची. त्या दीड वर्षात पुण्यात जोशी-अभ्यंकर खुनांची काय दहशत होती ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. ती म्हणते की भीती काय असते ते मला ठाऊक आहे, आणि तरी मी हसले, ते कसं काय?

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच. रेड ड्रॅगन ही लेक्टर असलेली पहिली कादंबरी १९८१ ची, सायलेन्स ८८ ची, सिनेमा ९१ चा, त्याला सगळ्यात मोठी पाच ऑस्कर, २००३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने खलनायकांची यादी केली त्यात हा पहिला, नॉर्मन बेट्स दुसरा आणि डार्थ व्हेडर तिसरा. मग २०१३ ते १५ त्याच्यावर 'हॅनिबल' ही टीव्ही सिरीज आली आणि माझ्या वयाची पोरं पुन्हा त्याच्या प्रेमात. चाळीस वर्षांवर होऊन गेली आणि हा माणूस काही जुना होत नाही.

सिनेमा-सिरीजमधल्या बाकीच्या खुन्यांचं मला थोडंफार समजतं. डेक्स्टर फक्त खुन्यांना मारतो त्यामुळे आपल्याला एक सोय मिळते. रिप्ली पकडला जाईल की काय याची धाकधूक आपल्यालाच होते, कारण तो गरीब आहे आणि घाबरलेला आहे. लेक्टर आपल्याला अशी कुठलीच सवलत देत नाही. तो माणसं मारतो, खातो, त्याला वाईट वाटत नाही. मग आवडतं ते काय? प्लीज "वाईटाचं आकर्षण असतंच" एवढंच लिहून जाऊ नका, ते आईला सांगून झालंय, तिला पटलं नाही.

केदार_बाणेर

वाचतोय. मला विचाराल तर अँथनी हॉपकिन्स, विषय संपला. दुसऱ्या कुणी केला असता तर एवढं झालंच नसतं. १९८६ मध्ये 'मॅनहंटर' आला होता ना, त्यात लेक्टर ब्रायन कॉक्सने केलेला, चांगला होता तो पण, किती जणांना आठवतो?

चौकट_राजा

केदार, हॉपकिन्स आहेच, पण अर्धंच उत्तर आहे ते. काही वर्षांपूर्वी मी लॉ कॉलेज रोडला फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केला, तिथून डोक्यात एक खूळ शिरलं की आवडता सीन आवाज बंद करून बघायचा. लेक्टर आणि क्लॅरिसची पहिली भेट तशी बघा एकदा. मी वीसेक वेळा तरी बघितली असेल.

आवाज गेला की पहिल्यांदा जाणवतं ते डोळे. क्लॅरिसशी बोलणारी माणसं जवळजवळ सगळी थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात, म्हणजे थेट तुमच्याकडे. तिचा एफबीआयमधला साहेब क्रॉफर्ड बघतो, चिल्टन बघतो, लेक्टर बघतो. आणि क्लॅरिस जेव्हा बोलते तेव्हा तिची नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. दिग्दर्शक जोनाथन डेमी आणि कॅमेरामन टाक फुजिमोटो यांनी हे ठरवून केलंय. तुम्ही दोन तास क्लॅरिसच्या जागी बसता आणि जग तुमच्याकडे कसं बघतं ते अंगावर घेता. लिफ्टमध्ये तिच्या चारी बाजूंना उंच उंच पोरं उभी आहेत, चिल्टन लगट करायला बघतो, त्या वेस्ट व्हर्जिनियाच्या गावात शेरीफ आणि क्रॉफर्ड तिला बाहेर ठेवून आत जाऊन बोलतात आणि सगळे पोलीस तिच्याकडे टकामका बघत राहतात. एकजणही तिला नीट माणूस म्हणून बघत नाही. कुणाला ती पोरगी दिसते, कुणाला साधन दिसतं.

आणि मग येतो हा. कोठडीच्या मधोमध ताठ उभा, हात बाजूला, जणू ती येणार हे त्याला आधीच माहीत होतं. तो बघतो आणि पाच मिनिटांत तिचे बूट, तिचा परफ्यूम, तिचं गाव, तिची लाज सगळं वाचून टाकतो. क्रूरपणे वाचतो, मान्य, पण वाचतो. पूर्ण सिनेमात तिचं नीट ऐकून घेणारा, तिला बोलतं करणारा, तिच्या उत्तराची वाट बघणारा हा एकच माणूस आहे आणि तो काचेच्या पलीकडचा नरभक्षक आहे. आता तुम्ही दोन तास क्लॅरिस होतात तर तुम्हाला तो आवडणार नाही तर काय होणार. मुक्ता, तुझ्या आईला त्या बेटावरचा डॉक्टर आवडला असं मला वाटत नाही. तिला चिल्टन नकोसा झाला होता. ऑफिसात, बसमध्ये, नातेवाइकांत असा चिल्टन भेटला नाही अशी बाई पुण्यात तरी असेल का.

काचेचंही सांगतो. कादंबरीत गज आहेत आणि आत जाळी आहे. सिनेमात गज लावले तर डोळे नीट दिसेनात, म्हणून काच केली. एवढ्या साध्या कारणामुळे दोघांच्या मध्ये काहीच नाही असं वाटायला लागलं. आणि एवढं करून हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही नाही! त्याच्या आवाजाबद्दल त्याने स्वतः सांगितलंय की '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमातला तो बोलणारा हॅल कॉम्प्युटर त्याच्या डोक्यात होता. भावना काढून घेतलेला, नम्र, थंड आवाज. त्या नम्रपणाने माणूस फसतो.

जुना_पुणेकर

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. पण मुक्ताताई, तुमच्या आईंचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी त्या वेळी कॉलेजात होतो, नारायण पेठेत राहायचो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा माणसं. त्यात आणीबाणी. संध्याकाळी सातनंतर गल्लीत चिटपाखरू नसायचं, वाड्याची दिंडी कधी नव्हे ती बंद व्हायला लागली, आमच्याकडे दूधवाला पहाटे आधी नाव सांगायचा, मग आजी त्याला काहीतरी विचारायची आणि आवाज ओळखीचा वाटला की मग अडसर निघायचा. जोशी कुटुंब ३१ ऑक्टोबरला, त्यानंतर बरोबर एका महिन्याने १ डिसेंबरला अभ्यंकरांचं घर, एकाच रात्रीत पाच माणसं. ज्या घरात संस्कृतचा अभ्यास चालायचा त्या घरात. दुसऱ्या दिवशी शहरात जी शांतता होती ती मी परत कधी अनुभवली नाही.

आणि ते चौघं कोण निघाले? जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा. टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातली पोरं. ज्या टपरीवर आम्ही चहा प्यायचो तिथेच कधीतरी तेही उभे असतील. त्यांनी पहिला खून केला तो स्वतःबरोबर शिकणाऱ्या मुलाचा. कुणी पंडित नव्हता, कुणाला संगीताचा कान नव्हता, कुणी समोरच्याचा परफ्यूम ओळखून त्याचं आयुष्य सांगत नव्हता. नायलॉनची दोरी आणि तोंडात कोंबायला बोळे. याला बुद्धी लागत नाही हो! घरात शिरून म्हाताऱ्या माणसाचे हात बांधायला काय बुद्धी लागते? २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, त्या दिवशीही मला आनंद वगैरे झाला नाही, एक ओझं उतरल्यासारखं वाटलं फक्त.

म्हणून मला हा डॉक्टर लेक्टर खोटा वाटतो. चौकट_राजा यांचं विश्लेषण मी दोनदा वाचलं, सुंदर लिहिलंय, पण बुद्धिमान, रसिक, सभ्य खुनी हे माझ्या मते एक आश्वासन आहे. आपल्याला वाटतं की मरण आलंच तर निदान एखाद्या मोठ्या डोक्याच्या माणसाकडून यावं, त्यामागे काही अर्थ असावा. खरा खुनी इतका सामान्य असतो की ते सहन होत नाही.

एक कबुली मात्र देतो. १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' आला, याच प्रकरणावरचा. मी बघायला गेलो. नाना पाटेकर. मध्यंतराच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी फक्त नानाकडे बघतोय, ज्यांना खुर्चीला बांधलंय त्यांच्याकडे माझं लक्षच नाही. ज्या भीतीत मी स्वतः दीड वर्षं जगलो ती विसरून मी एका नटाचं काम बघत होतो. उठून बाहेर आलो. त्यामुळे तुमच्या आईंना सांगा की त्या एकट्या नाहीत.

निशिगंधा_मनोविकार

काकांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मी त्यांच्याशी ९० टक्के सहमत आहे, पण माझं म्हणणं थोडं वेगळ्या बाजूचं.

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, पुण्यातच. सिनेमातल्या खुन्याचा त्रास आमच्याकडे येणाऱ्या घरांना कसा होतो ते रोज बघते. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे म्हटलं की आईचा पहिला प्रश्न "तो कुणाला मारणार तर नाही ना". ज्या मुलाला पंखा आपल्याशी बोलतो असं वाटतंय आणि जो स्वतःच भेदरून कोपऱ्यात बसलाय, त्याच्याबद्दल हा प्रश्न. खरं म्हणजे गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करतात त्यापेक्षा हिंसेला बळी जास्त पडतात, पण हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, कारण डोक्यात पिक्चर असतो.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण मला विलक्षण वाटणारी गोष्ट. लेक्टर या कुठल्याच चौकटीत बसत नाही. रेड ड्रॅगनमध्ये तपास करणारा विल ग्रॅहम साधारण असंच म्हणतो की याला सोशिओपॅथ म्हणतात कारण दुसरं काय म्हणावं ते कुणाला माहीत नाही. त्याला कोठडीत भ्रम होत नाहीत, आवाज ऐकू येत नाहीत. तो मनोविकारतज्ज्ञांसाठीच्या मासिकांत लेख लिहितो. थोडक्यात तो रुग्ण नाही, आमच्यातलाच एक आहे, म्हणजे डॉक्टर. आणि मला वाटतं त्याची खरी भीती आणि खरी ओढ तिथे आहे. आपण डॉक्टरसमोर बसतो आणि सगळं सांगून टाकतो. त्याने ऐकावं, समजून घ्यावं ही किती मोठी भूक असते माणसाला ते मी रोज बघते, लोक पंधरा मिनिटं मिळावीत म्हणून तीन तास बाकावर बसतात. लेक्टर ती भूक भागवतो आणि मग खातो.

काकांनी ज्या सामान्यपणाबद्दल लिहिलं त्याचं दुसरं टोक म्हणजे रामन राघव. साठीच्या दशकात मुंबईत फूटपाथवर, झोपडीत झोपलेल्या माणसांना मारणारा, १९६८ मध्ये पकडला गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला होता, फाशीची शिक्षा नंतर जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये तो इथे आपल्या ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. मी ससूनच्या आवारातून कितीदा गेलेय, तिथे हा माणूस संपला हे मला पंचविशीपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्यावर सिनेमे निघाले, पण त्याच्यासारखं व्हावं, त्याच्याशी गप्पा माराव्यात असं कुणाला वाटत नाही. तो घर नसलेला आजारी माणूस होता, आणि ज्यांना त्याने मारलं त्यांनाही घर नव्हतं.

शांभवी_वाचते

मुक्ता, मी सगळी पुस्तकं वाचलेली आहेत, काही दोनदा, त्यामुळे थोडं मोठं लिहिते, सांभाळून घे.

लेखक थॉमस हॅरिस मूळचा पत्रकार. सायलेन्सच्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, २०१३ मध्ये, त्याने पहिल्यांदा सांगितलं की हा डॉक्टर आला कुठून. तेवीस वर्षांचा असताना तो मेक्सिकोतल्या माँतेरेच्या तुरुंगात एका अमेरिकन कैद्याची मुलाखत घ्यायला गेला होता. त्या कैद्याला गोळी लागलेली असताना तुरुंगातल्या एका डॉक्टरने वाचवलं होतं, म्हणून हॅरिस त्या डॉक्टरलाही भेटला. नाव दिलंय डॉ. सालाझार, खरं नाही ते. बुटका, रुबाबदार, अतिशय सभ्य. तो हॅरिसला उलट प्रश्न विचारायला लागला, त्या कैद्याच्या चेहऱ्याबद्दल, तो लहानपणी चिडवला गेला असेल का, ज्यांना मारलं ते दिसायला कसे होते. हॅरिस पार भारावला. निघताना त्याने वॉर्डनला विचारलं की हे डॉक्टर इथे किती वर्षं काम करतात? वॉर्डन म्हणाला की अहो तो कैदी आहे, खुनी आहे, इथून कधी बाहेर जाणार नाही.

मला वाटतं अख्खा लेक्टर या एका गैरसमजात आहे. हॅरिसने खुन्याला डॉक्टर समजून आदर दिला आणि तो आदर खरं कळल्यावरही पूर्ण पुसला गेला नाही. चाळीस वर्षं आपल्याला तो हेच करायला लावतोय.

आता पुस्तकातली एक गोष्ट जी सिनेमा बघणाऱ्यांना माहीत नसते. कादंबरीतल्या लेक्टरच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत आणि डोळे तपकिरी-लालसर, मरून. म्हणजे हॅरिसने त्याला उघड उघड सैतान म्हणून रंगवला होता. सिनेमाने ती बोटं आणि तो रंग काढून टाकला, आणि सैतानाचा एकदम सदगृहस्थ झाला. केदार, हॉपकिन्स हे उत्तर आहे ते या अर्थाने मलाही मान्य आहे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. रेड ड्रॅगनमध्ये दोन खुनी आहेत. एक डॉलरहाइड, त्याचं बालपण हॅरिसने इतकं सविस्तर लिहिलंय, फाटका ओठ, टाकून गेलेली आई, ती भयंकर आजी, की वाचताना पोटात तुटतं. आणि दुसरा लेक्टर, थोडीच पानं आणि भूतकाळ जवळजवळ शून्य. सायलेन्समध्ये तर तो क्लॅरिसला स्पष्टच बजावतो की माझ्यावर कशाचा तरी परिणाम झाला असं शोधत बसू नकोस. आणि आपल्याला लक्षात कोण राहिला? ज्याची दया आली तो नाही राहिला. ज्याचं कारण कळलं नाही तो राहिला.

याचा उलटा पुरावा म्हणजे 'हॅनिबल रायझिंग', २००६. निर्माते दिनो दे लॉरेंटिस यांना लेक्टरच्या तरुणपणावर सिनेमा काढायचाच होता, हॅरिसने नाही लिहिलं तर दुसऱ्याकडून करून घेऊ असं होतं, मग त्याने लिहिलं. लिथुआनिया, दुसरं महायुद्ध, भुकेल्या सैनिकांनी त्याच्या लहान बहिणीला मारून खाल्लं, म्हणून हा असा झाला. झालं. कारण मिळालं आणि भुताच्या हातातला कंदील काढून घेतल्यासारखं झालं. मी ते पुस्तक कसंबसं संपवलं, परत उघडलं नाही. त्याच्या आधीचं 'हॅनिबल', १९९९ चं, त्याचा शेवटही मला अजून पचलेला नाही, क्लॅरिस त्याच्याबरोबर निघून जाते आणि दोघं ब्युनोस आयर्समध्ये एकत्र राहतात. २००१ च्या सिनेमात तो शेवट बदलावा लागला, आणि त्यातही आधीची क्लॅरिस, जोडी फॉस्टर, आली नाहीच, ज्युलियन मूरने केलं. फॉस्टरच्या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

जुना_पुणेकर काका, तुम्ही म्हणता तो खोटा आहे. आहेच. पण सालाझार खरा होता ना.

जुना_पुणेकर

शांभवी, ही सालाझारची गोष्ट मला माहीत नव्हती. माझं मत अजून तेच आहे, पण या गोष्टीचा विचार करतोय. तो वॉर्डन मला फार खरा वाटला. रोज बघत असल्यामुळे त्याला भुरळ पडली नसावी.

अनुजा_पाषाण

मी फक्त सिरीजबद्दल. मॅड्स मिकेलसेनचा लेक्टर स्वयंपाक करतो ते मी जेवायच्या वेळेला बघायचे. पहिल्या सीझनच्या एपिसोडची नावंच फ्रेंच जेवणातल्या पदार्थक्रमाची आहेत, दुसऱ्याची जपानी. मी जन्माची शाकाहारी, अंडंही नाही, आणि एके दिवशी त्याने ते ताट मांडलं, वर डाळिंबाचे दाणे, आणि मला भूक लागली. खरोखरची भूक. ताट कशाचं आहे हे मला माहीत असताना. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात जाववेना. आवडतं म्हणजे काय याचं माझं उत्तर एवढंच आहे की माझ्या मनाला विचारायच्या आधी माझ्या जिभेने होकार दिला होता.

ओवी_सातारारोड

सगळा धागा वाचून काढला, सकाळची कामं राहिली. मला लेक्टरपेक्षा तुमच्या आईच्या प्रश्नाने धरून ठेवलं. माझी आजी तुळशीबागेत रामाच्या देवळात कीर्तनाला न्यायची, तिथे ऐकलेला वाल्या कोळी आठवला.

आपण ती गोष्ट मुलांना इतक्या सहज सांगतो की त्यात काय आहे ते विसरूनच जातो. वाल्या माणूस मारला की रांजणात एक खडा टाकायचा. असे सात रांजण भरले. सात! लहानपणी मला नारद वगैरे काही दिसायचा नाही, फक्त ते रांजण दिसायचे, आमच्या माळ्यावर होते तसे, आणि प्रत्येक खड्याला एक माणूस. मी आजीला विचारलं होतं की त्यांची नावं काय, आजी म्हणाली ते गोष्टीत नाही.

तिकडे अंगुलिमाल, कापलेल्या बोटांची माळ घालून फिरणारा. तोही मोजतोच आहे. म्हणजे मोजून मारणारा माणूस आपल्याकडे काही अमेरिकेतून आलेला नाही, फार जुना आहे. फरक असा की आपल्या गोष्टीत त्याला थांबवणारं कुणीतरी वाटेत भेटतं आणि तो बदलतो. लेक्टर बदलत नाही, मरत नाही, पश्चात्ताप करत नाही. म्हणून गोष्ट संपत नाही आणि पुढचा भाग निघत राहतो.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. नारद वाल्याला म्हणतो की घरी जाऊन विचार, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का. तो विचारतो. बायको म्हणते, मुलं म्हणतात, तू आणतोस ते आम्ही खातो, पाप तुझं तुझ्याजवळ. लहानपणी मला त्या बायकोचा राग यायचा. आता हा धागा वाचताना वाटलं की आपण त्या घरातले आहोत. लेक्टरने आणलेलं सगळं आपण खाल्लं, ती भीती, तो थरार, चिल्टनवरचा सूड, अनुजाताईंची ती भूकसुद्धा. आणि हात धुवून म्हणालो की राक्षस आहे तो. मुक्ता, तुझ्या आईने सकाळी चहाच्या वेळी वेगळं केलं. तिने विचारलं की माझा वाटा किती. माझ्या कीर्तनातल्या गोष्टीत असं कुणी विचारलं नव्हतं.

चौकट_राजा

ओवी, हे वाचून मी गप्प बसलोय. काकांनी माफीचा साक्षीदारमधून उठून येणं आणि हे, दोन्ही एकच वाटतंय मला. मी जे नजरेचं लिहिलं त्यात एक राहिलं. शेवटी अंधारात, तळघरात, बफेलो बिल, म्हणजे क्लॅरिस ज्याला शोधतेय तो खुनी, अंधारात दिसणारा नाइट व्हिजन चष्मा लावून क्लॅरिसकडे बघतो तेव्हा आपल्याला क्लॅरिसच्या जागेवरून उठवून खुन्याच्या डोळ्यात बसवलंय. तिचा चाचपडणारा हात आपण त्याच्या बाजूने बघतो. डेमीला माहीत होतं आपण कुठे बसलोय ते, तो तेवढा एक मिनिटभर दाखवून देतो.

निशिगंधा_मनोविकार

आणि त्या बफेलो बिलबद्दल कुणीच लिहिलं नाही, लेक्टरपुढे तो दिसतच नाही. त्याच्या चित्रणावरून तेव्हा अमेरिकेत समलिंगी लोकांनी ऑस्करच्या वेळी निदर्शनं केली होती, आणि मला ती पटतात. एका खुन्याला आपण सदगृहस्थ केलं आणि दुसऱ्याच्या अंगावर असे कपडे आणि असा मेकअप चढवला की त्याची किंमत बिचाऱ्या भलत्याच माणसांनी मोजली. कादंबरीत आणि सिनेमात एकेक वाक्य आहे की हा खरा ट्रान्ससेक्शुअल नाही, पण ते वाक्य कुणाच्या लक्षात राहतं, लक्षात राहतो तो नाच.

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री आईला एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, चष्मा सापडत नव्हता म्हणून. काकांचं वाचताना तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, आमच्याकडे पण अडसर होता, आणि तो लावायचं काम माझ्या वडिलांचं, ते एकदा लावून परत उठायचे आणि हात लावून बघायचे. मी झोपायचे नाही ते दुसऱ्यांदा उठेपर्यंत. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. चिल्टनचं ऐकून म्हणाली बरोबर ओळखलंय, तसा एक होता आमच्या बँकेत.

ओवीताईंचं वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग विचारलं, "ती खड्ड्यातली मुलगी, तिचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं सुटली ना आई, पोलीस बाहेर आणतात तिला, बघितलंस ना, ब्लँकेट गुंडाळलेलं होतं. तर म्हणाली ते बघितलं गं, पण तिचं नाव काय होतं? मला चार वेळा बघून चटकन आठवेना. कॅथरिन. कॅथरिन मार्टिन. मग शोधून तो शेवटचा भाग परत लावला, आम्ही दोघींनी फक्त तेवढाच बघितला. ती बाहेर येते तेव्हा त्या बफेलो बिलचं छोटं पांढरं कुत्रं तिने छातीशी घट्ट धरलंय. खड्ड्यात असताना त्यालाच तिने ओलीस धरलं होतं. आईने पॉज करायला लावलं आणि म्हणाली, "ते सोडत नाहीये ती. नंतर तिच्याकडेच राहिलं का ते कुत्रं? पुस्तकात आहे का बघ जरा."

शांभवी, तुझ्याकडे पुस्तक हाताशी असेल तर बघून सांगशील का?